विद्याच्या रायफलचा ठोकळा

विद्याचा डावा हात पुढे घसरत होता. एवढीच गोष्ट. लोकांकडे डोंगरांच्या दरडी घसरतात, आमच्या घरात हात घसरला. आणि तोही रायफलवरचा.

सांगायला हवं, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा. विद्या माझी बायको. शाळेत रसायनशास्त्र शिकवते. स्वयंपाकघरात पाल दिसली तर अजूनही मला हाक मारते. हीच बाई गेलं वर्षभर दर शनिवारी मस्कतबाहेरच्या रेंजवर जाते, चटईवर पालथी पडते, कोपर रोवते आणि पन्नास मीटरवरच्या बशीएवढ्या काळ्या वर्तुळात गोळ्या अशा नेऊन ठेवते, जसे देवापुढे तांदूळ वाहावेत. मीसुद्धा एकदा प्रयत्न केला होता. पालथं पडायचं, श्वास धरायचा आणि हलायचं नाही, असा तो खेळ. मी सहा गोळ्या झाडल्या, त्यांतल्या दोन शेजारच्या गृहस्थांच्या कागदावर लागल्या. त्यांनी आभार मानले. मला स्वस्थ पडणं जमत नाही. बसणंही जमत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलाला पाच खुर्च्या असल्या तर मी जेवताना त्यांतल्या तीनवर तरी बसून होतो.

तर डिसेंबरात क्लबची तीन बायकांची टीम दक्षिणेला हजार किलोमीटरवरच्या सलालाहला स्पर्धेसाठी जायची होती. दोन जागा ठरल्यासारख्याच. तिसरी अंबरीनची किंवा विद्याची. तीनशे गुणांपैकी अंबरीनचे दोनशे शहात्तरच्या आसपास यायचे, विद्याचे दोनशे बहात्तर. निवड तीन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी.

"मला जायचंय, राजीव," आमटीला फोडणी देता देता ती म्हणाली. "तीन दिवस. माझी एकच बॅग घेऊन. तुझे कपडे न भरता."

चोवीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट, जिच्यात मी नव्हतो. मोहरी तडतडली आणि मी मीठदाणी उगाच इकडची तिकडे ठेवली. पण माणसाने मोठ्या मनाचं असावं. निदान तसं दिसावं.

"मग अडचण काय आहे?"

अडचण हातात होती. रायफलच्या नळीभोवती अॅल्युमिनियमचं एक लांब कवच असतं, त्याला हँडगार्ड म्हणतात. डावा हात त्याच्याखाली धरायचा. विद्याचा तळवा लहान, त्यात घाम; दहाबारा गोळ्यांनंतर हात इंचभर पुढे जायचा आणि त्याच्याबरोबर गुणही. क्लबचे कोच उस्ताद सालेम, निवृत्त सैनिक, बोलणं मोजून. ते म्हणाले होते, "मॅडम का हाथ आगे भागता है. हँडस्टॉप लगाओ. छोटा."

हँडस्टॉप म्हणजे कवचाच्या खाचेत स्क्रूने बसवायचा अंगठ्याएवढा ठोकळा. हात तिथवर जातो आणि थांबतो. दार भिंतीवर आपटू नये म्हणून खाली लावतात ना, तसा. क्लबकडे दोनच होते आणि ते पहिल्या दोघींच्या रायफलना लागलेले. स्वतःचा आणला तर उस्ताद बघून परवानगी देणार होते.

"ते मी बघतो," मी म्हणालो.

विद्याने पळी हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. "राजीव, साधा ठोकळा आहे."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी कुरुममधल्या आमच्या ऑफिसात मी डबा खाता खाता ठोकळे बघायला लागलो. सरळ, तिरके, रबरी, खवल्यांचे, माशाच्या पाठीसारखे, उंटाच्या पाठीसारखे. एका गृहस्थाने खाली लिहिलं होतं की ह्या तुकड्याने माझं आयुष्य बदललं. मी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्याच्या आधीच्या आयुष्याचा विचार करत बसलो.

संध्याकाळी लिफ्टमध्ये प्रसाद भेटला. प्रसाद आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याने आयुष्यात गलोलही ओढलेली नाही, पण व्हिडिओ बघून त्याला सगळं येतं. गेल्या वर्षी त्याने मला गुडघ्याचं ऑपरेशन समजावून सांगितलं होतं. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नसताना.

"ठोकळा?" तो म्हणाला. "राजीव, ठोकळा कोण घेतं? फोरग्रिप घे. उभी मूठ. हँडगार्डला खालून लागते, चांगली मुठीत येते. कंट्रोल म्हणजे काय ते कळेल वहिनींना."

"उस्ताद छोटा म्हणालेत."

"ते जुन्या काळचे रे."

आता खरं सांगतो. चूक प्रसादची नव्हती. अंगठ्याएवढा ठोकळा घेतला तर त्यात माझी निवड ती काय दिसणार? उलट ती मूठ! काळीभोर, चार बोटं धरतील एवढी, बोटांच्या जागी लाटा काढलेल्या. बायको सलालाहला एकटी जाणार असेल तर माझी म्हणून निदान एक भारदस्त वस्तू तिच्याबरोबर जावी, असं मला वाटलं असेल. मी बटण दाबलं. 'ही वस्तू आपल्या देशात पाठवता येत नाही,' असं उत्तर आलं.

इथे कोणताही शहाणा माणूस थांबला असता. आखातातला मराठी माणूस थांबत नाही, कारण त्याची स्वतःची टपालव्यवस्था असते. इकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत त्याचे स्वतःचे दोन कपडे असतात आणि बाकीची बॅग बिल्डिंगची असते. कुणाची कुकरची रिंग, कुणाचा चष्मा, कुणाचं मेतकूट, कुणाच्या होमिओपॅथीच्या गोळ्या. नाही म्हणायची पद्धत नाही, कारण पुढच्या महिन्यात आपली रिंग असते. प्रसादची बायको वल्लरी दिवाळीनंतर पुण्याहून परत यायची होती. मी मूठ कोथरूडला सासूबाईंच्या पत्त्यावर मागवली.

चार दिवसांनी सासूबाईंचा फोन.

"राजीवराव, एक काळं काहीतरी आलंय. काय हो हे?"

"मूठ आहे, आई. विद्यासाठी."

"कशाची मूठ?"

विद्या नेमबाजी करते हे आईंना सांगितलेलं नव्हतं. ती शनिवारी योगाला जाते, एवढंच त्यांना ठाऊक. सांगायची योग्य वेळ शोधण्यात वर्ष गेलं होतं.

"व्यायामाची," मी म्हणालो. पालथं पडणं हाही व्यायामच.

"बरं. चांगली गुळगुळीत आहे. ओरखडा पडायला नको, मी नीट पॅक करून देते वल्लरीकडे."

आईंनी ती नीट पॅक केली. म्हणजे पाच किलोच्या स्टीलच्या डब्यात चकलीची भाजणी भरली, तिच्या पोटात मूठ उभी पुरली, वरून भाजणी दाबली, झाकणावर दोरी बांधली आणि वल्लरीला एवढंच सांगितलं, "जपून ने हो, राजीवरावांचं आहे."

मस्कतच्या विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि थांबली. पडद्यावर अधिकाऱ्याला काय दिसलं असेल ह्याची मी नंतर अनेकदा कल्पना केली आहे. गोल डबा, धूसर पीठ, आणि मधोमध बोटांच्या लाटा असलेली एक मूठ, जणू पिठात कुणी बुडत असावं. अधिकारी सभ्य होता. त्याने वल्लरीला डबा उघडायची विनंती केली. वल्लरीने पैठणीचा नवा शिवून घेतलेला कुर्ता घातला होता. कोपरापर्यंत हात घालून तिने ती वस्तू बाहेर काढली, आणि मागच्या रांगेत फोडणीचा ठसका लागल्यासारखं शिंकणं सुरू झालं. "हे काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं. वल्लरी खरं तेच बोलली: माहीत नाही. आतापर्यंत ह्या प्रश्नाचं एवढं वाईट उत्तर त्या काउंटरवर कुणी दिलं नसेल.

रायफलचा भाग कागदपत्रांशिवाय आत येत नाही, हे त्यांचं बरोबरच होतं. मूठ त्यांनी ठेवून घेतली, माझ्या नावाची पावती दिली, वल्लरीला पाणी दिलं.

वल्लरी घरी न जाता आधी आमच्या दाराशी आली. डबा उंबऱ्यावर ठेवला. तिच्या भुवयांवर भाजणी होती.

"राजीव, ह्यापुढे तुझं काहीही आणणार नाही. मीठसुद्धा नाही."

मागे प्रसाद बॅग धरून उभा होता. "मी फक्त मत दिलं होतं," तो लिफ्टच्या दिशेने सरकत म्हणाला.

विद्याने डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "छोटा म्हणाले होते ना रे ते?" चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मी मूठ सोडवायला निघालो. आमच्या कंपनीचा मंदूब हमद बरोबर होता. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांमधली कामं करून आणणारा माणूस. तो नसेल तर आमच्यासारख्यांना इथे साधा शिक्का दिसणार नाही. मी स्वतः इन्शुरन्समध्ये क्लेम्स बघतो. 'एक कागद कमी आहे' म्हणून लोकांना परत पाठवायचा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. त्या काउंटरवर उभा राहिलो तेव्हा मला ते सगळे चेहरे आठवले.

काउंटरवर म्हणाले, वस्तू खेळासाठी आहे असं क्लबचं पत्र आणा. मी क्लबच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, अवश्य. वस्तूचा फोटो जोडा, कोणत्या वस्तूसाठी पत्र देतोय ते दिसायला हवं. मी म्हणालो, वस्तू त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, मग त्यांच्याकडून फोटो आणा. काउंटरवर म्हणाले, पत्र आणा, मग वस्तू बघायला मिळेल. मी वेबसाइट उघडली. माल संपल्यामुळे त्यांनी चित्रासकट पान काढून टाकलं होतं. शेवटी मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पेन्सिलीने मूठ काढली.

हमदने ते चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"राजीव भाई, ये बैंगन है?"

बाकड्यावर बसून राहण्यासारखं दुसरं शिक्षण नाही, आणि मी त्यात नापास होणारा. चार वेळा उठलो, पाण्याच्या मशीनपर्यंत जाऊन आलो, शेवटी मनातल्या मनात जात्यावरच्या चालीत शब्द फिरायला लागले. घाबरलो की मला असंच होतं:

डबा आला गं विमानी, त्याच्या पोटात मूठ काळी
पावतीच्या गं कागदाला माझं नाव गं कपाळी

"कुछ बोला?" हमदने विचारलं.

"नाही. चालू दे."

फोटो मिळाला तो सासूबाईंकडून. डबा भरताना त्यांनी त्याचा फोटो काढून बहिणींच्या ग्रुपवर टाकला होता: अर्धी पुरलेली मूठ, शेजारी मापाला चमचा, खाली 'लेकीसाठी.' मी फोन करून तो मागितला. का हवा, हे विचारल्यावर तीन वेळा विषय बदलला. चौथ्यांदा सांगून टाकलं.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"म्हणजे बंदुकीची मूठ?"

"रायफलची. खेळातली, आई. स्पर्धा असतात."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आई म्हणाल्या, "तिचा नेम पहिल्यापासून चांगला. शेजारच्यांच्या कैऱ्या पाडायची आणि त्यांच्या अंगणात मात्र चुकलेला एक दगड सापडायचा नाही." आणि लगेच, "डबा धुऊन ठेवायला सांगा. तो माझ्या रुखवतातला आहे."

तर अशी ती फाइल झाली. क्लबचं पत्र, त्यावर गोल शिक्का, सोबत भाजणीतल्या मुठीचा आणि चमच्याचा रंगीत फोटो, त्यावरही शिक्का. काउंटरवरच्या बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला, चमच्यावर बोट ठेवलं, हसू आवरलं, आणि सोमवारी दुपारी मूठ माझ्या हातात दिली. अजून तिला ओव्याजिऱ्याचा वास येत होता. "यल्ला, खलास!" हमद म्हणाला. त्याला वाटलं खरंच खलास.

मंगळवारी संध्याकाळी सराव होता. मूठ बसली. विद्या चटईवर आडवी झाली, रायफल खांद्याला लावली, आणि मूठ खाली टेकली.

उस्ताद सालेम उकिडवे बसले. खिशातून एक कागद काढला आणि मुठीच्या तळाखालून सरकवायला लागले. कागद जाईना. पुन्हा प्रयत्न केला. मग ते उठले, गुडघे झटकले.

"ये तो टेबल हो गया. टेकना मना है."

पालथं पडून मारायचं तर रायफलचा भार नेमबाजाच्या हातावर असायला हवा, जमिनीवर नाही. उभी मूठ उभ्या माणसांसाठी. पालथ्या माणसाला छोटा ठोकळा. हे त्यांनी एका शब्दात तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं.

"थोडी कापली तर?" मी विचारलं.

"राजीव भाई," उस्ताद म्हणाले, आणि स्क्रू सोडवून मूठ माझ्या हातात दिली.

येताना गाडीत विद्या खिडकीबाहेर बघत होती. समुद्राकडून दमट वारा येत होता. "असू दे रे," ती म्हणाली. "मी तशीच मारते." तिचा आवाज असा सपाट होता, की मी एसीचं बटण उगाच चारदा खालीवर केलं. सलालाहच्या रस्त्यावर तिची ती एकच बॅग माझ्यामुळे उतरवली जाणार, हे मला दिसायला लागलं.

बुधवारी भाजी आणायला अल मवालेहच्या बाजारात गेलो. तिथे बाबामियाँचा नारळांचा धंदा आहे. मूळचे हर्णैचे, सलालाहहून नारळ येतात, ते विकतात. त्यांचे वडील होड्या बांधायचे, आणि बाबामियाँच्या हातातही गिऱ्हाईक नसलं की एखादा लाकडाचा तुकडा आणि सुरी असतेच. मी नारळ उचलला, ठेवला, तोच पुन्हा उचलला.

"काय झाला, राजीवभाऊ? नारळाशी भांडण हाय काय?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मूठ दाखवा." मूठ गाडीतच होती, मी ती सगळीकडे घेऊन फिरत होतो. त्यांनी तिचा स्क्रू आणि खाचेत बसणारी पट्टी काढून तळहातावर ठेवली. "ह्यो कामाचा. बाकी कचरा. सागाचा तुकडा हाय माज्याकडे, जुन्या लाँचीचा. ठोकळा मी बनवतो. पन मना भाभीचा हात पायजे."

"ती शाळेत आहे."

"हात न्हाय, हाताचा छाप! मळलेल्या पिठात घ्या आनि वाळवून आना. बाप माजा वल्ह्याची मूठ अशीच करायचा. वल्हवणाऱ्याचा हात जसा, लाकूड तसा. मग हात सरकत न्हाय."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. नारळ चार घेतले.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला मी कणकेचा घट्ट गोळा घेऊन दारात उभा. विद्याच्या खांद्याला पर्स, काखेत तपासलेल्या वह्या, खाली शाळेची बस हॉर्न देतेय.

"विद्या, हात दे. गच्च दाब. विचारू नकोस."

तिने हात दिला, गच्च दाबला, "काय करतोयस देव जाणे," म्हणाली आणि पीठ पुसत जिना उतरली. गोळा मी गच्चीवर उन्हात ठेवला. नोव्हेंबर असला तरी मस्कतचं ऊन ते. अकरापर्यंत त्याची वीट झाली. ऑफिसातून सुटी घेऊन मी ती रुमालात बांधून बाजारात नेली.

"ह्यो धरायचा तोच हात ना?" बाबामियाँनी विचारलं.

"हो, हो," मी म्हणालो. क्लेम्समध्ये असं उत्तर कुणी दिलं तर मी त्याला दोन फॉर्म भरायला लावतो.

संध्याकाळी गेलो तर ठोकळा तयार. काय सांगू! एक बाजू सपाट, आणि दुसऱ्या बाजूला विद्याच्या अंगठ्याची आणि तर्जनीची बेचकी अशी कोरलेली, जसा वाळूत पाखराचा पाय उमटावा. बाबामियाँच्या बायकोने, खुदेजाभाभींनी, वरून खोबरेल चोळलं होतं. सागाचा रंग मधासारखा दिसत होता. मी तो घरी येईपर्यंत सिग्नलला थांबलो की खिशातून काढून बघत होतो.

शुक्रवारी सकाळी आठ. रेंजवर गर्दी. प्रसाद आणि वल्लरीसुद्धा आले होते. वल्लरी माझ्याशी बोलत नव्हती, पण विद्यासाठी आली होती. तयारीला पंधरा मिनिटं. उस्तादांनी ठोकळा बसवला, कागद खालून सरकवला. कागद सुळकन गेला. "माशाल्ला," ते म्हणाले. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून.

विद्या आडवी झाली. हात ठोकळ्याला लावला. काढला. पुन्हा लावला.

"राजीव, हा उजव्या हाताचा आहे."

मला आधी ऐकूच आलं नाही. मग सगळं ऐकू आलं. 'हात दे' म्हटल्यावर आपल्यात कोण डावा हात पुढे करतं? तीर्थाला उजवा, प्रसादाला उजवा, कुणाच्या हातावर काही ठेवायचं तर उजवा. बस हॉर्न देत असताना बाईने जन्मभर दिला तोच हात दिला. आणि मी 'डावा' म्हणालो नव्हतो. तो एक शब्द म्हणायला मला वेळ नव्हता; बाकी तीन आठवडे होते.

"सात मिनट," उस्ताद म्हणाले.

"सुरी आहे का कुणाकडे?" मी म्हणालो. "कानस? नाहीतर रुमाल गुंडाळू. नाहीतर बाबामियाँना फोन करतो, ते वीस मिनिटांत—"

"राजीव," विद्या चटईवरूनच म्हणाली, "तू दोरीच्या मागे जा."

मी गेलो. तिने उस्तादांकडून पाना मागितला, स्क्रू सैल केला, ठोकळा उलटा फिरवला आणि घट्ट केला. सपाट बाजू तिच्या हाताकडे. आणि ती मधासारखी कोरीव बेचकी, एका माणसाची दुपारभराची कला, समोर लक्ष्याकडे बघत राहिली, जणू तिकडून कुणी हात घालणार होतं.

मग सुरू झालं. तीस गोळ्या. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो, उठलो, वल्लरीने माझ्याकडे असं पाहिलं की बसलो. विद्याची पाठ श्वासाने वर यायची, खाली जायची, मध्येच थांबायची. त्या थांबण्यात माझाही श्वास थांबायचा. मग 'टप्' असा आवाज, आणि मी नारळाच्या झाडावर कावळा हलावा तसा हलायचो. दहा झाल्या. बारा झाल्या. इथून हात घसरायचा. मी मान लांब करून बघत राहिलो. हात जागचा हलला नाही. वीस. पंचवीस. चोवीस वर्षं ज्या हाताने मला डबा दिला, औषध दिलं, दारातून ढकलून ऑफिसला पाठवलं, त्याचा जोडीदार हात मी असा कधी नीट पाहिलाच नव्हता. तो पडलेला होता ठोकळ्याला टेकून, शांत, आपल्या कामात.

अंबरीन दोनशे सत्त्याहत्तर. विद्या दोनशे ऐंशी.

मी खुर्चीसकट उठलो. खुर्ची चिकटली होती.

अंबरीन मोठ्या मनाची. तिने आधी विद्याला जवळ घेतलं, मग वाकून रायफल बघितली आणि बोट ठेवलं. "विद्या, ये आगे की तरफ क्यों कोरा है?"

माणसं जमली. उस्तादही वळले. प्रसादने घसा साफ केला. "ते वजनाच्या तोलासाठी असतं. पुढून लाकूड कमी केलं की नळी—"

"किसने बनवाया?" उस्तादांनी विचारलं, आणि सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या.

मी तोंड उघडलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी फक्त खरं सांगणार होतो: कणीक, बस, उजवा हात, सगळं. क्रम लावायला बोटं मोजायला लागलो.

"इन्होंने," विद्या म्हणाली. कोपरावरची धूळ झटकत, माझ्याकडे न बघता. "सोच-समझकर किया है."

उस्तादांनी त्या बेचकीवरून अंगठा फिरवला आणि सावकाश मान हलवली. पुढच्या आठवड्यात बाबामियाँचा मला फोन आला, की दोन बाया आणि एक पोलिसातला माणूस येऊन गेला, सगळ्यांना ठोकळा 'पुढून कोरलेला'च पाहिजे, "राजीवभाऊ, ह्यो काय नवीन?" मी म्हणालो, करून द्या. त्याच दिवशी प्रसादने मला लिफ्टमध्ये त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं.

पण ते पुढच्या आठवड्यात. त्या शुक्रवारी आम्ही दुपारी घरी निघालो तेव्हा गाडीत बसता बसता विद्याने सीट मागे केली.

"सलालाहला तू यायचं नाहीयेस हं."

"कोण येतंय?" मी म्हणालो. "मी फक्त म्हणत होतो, तिथे हवा जरा..."

ती झोपली होती. डावा हात मांडीवर उताणा पडला होता. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये ठोकळ्याच्या कडेची एक लाल, सरळ रेघ उठली होती.

मी डाव्या लेनमधून उजवीकडे आलो, मग त्याच्याही उजवीकडे, इथल्या सावकाश गाड्यांच्या लेनमध्ये. रस्त्यावर कुठे खाच आली तर ब्रेक हळूच, वळण आलं तर आणखी हळू. आमच्या बाजूने सगळं मस्कत निघून गेलं. पाण्याचे टँकर गेले. उंट वाहून नेणारी एक पिकअप गेली, तिच्यातल्या उंटाने वळून पाहिलं. मागून हॉर्न वाजले, मी हात बाहेर काढून पुढे जा म्हणालो.

बऱ्याच वेळाने विद्या डोळे न उघडताच म्हणाली, "राजीव, गाडी बंद पडली का?"

"नाही गं. चालवतोय."

"हं," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.